लढाऊ तळावरचा नागरी विमानतळ: एकच धावपट्टी दोघं कशी वापरतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लष्करी तळावर नागरी टर्मिनल असेल तर एकच धावपट्टी दोघं कशी वापरतात आणि शेवटचा शब्द कोणाचा? धावपट्टी रिकामी दिसत असतानाही विमान कंपन्यांना स्लॉट (उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा) का मिळत नाहीत? आणि अशी व्यवस्था नव्यानं उभी करायची असेल तर आधी काय ठरवून घ्यावं?

आधी मालकीचं बघू, कारण त्यावरच पुढचं बरंच ठरतं. भारतात रूढ पद्धत ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ची. धावपट्टी, टॉवर आणि रडार लष्कराचे. नागरी बाजूकडे टर्मिनल, एप्रन (विमानं उभी करायची जागा) आणि तिथून धावपट्टीपर्यंत जोडणारा टॅक्सीवे. पुण्याचं लोहगाव, चंडीगड, श्रीनगर, बागडोगरा हे हवाई दलाचे तळ. गोव्याचं दाबोळी आणि विशाखापट्टणम नौदलाचे. नेदरलँड्समधलं आइंडहोवन याच धाटणीचं आहे. अमेरिकेतल्या अल्बुकर्कीला नेमकं उलटं: धावपट्ट्या शहराच्या, शेजारचा कर्टलंड तळ त्या वापरतो, पण विमानाला आग लागली तर गाड्या तळाच्या येतात. जपानमध्ये न्यू चितोसेचा नागरी विमानतळ १९८८ मध्ये तळाला लागून वेगळ्या धावपट्ट्यांसह उभा राहिला, तरी दोन्हीकडचं हवाई नियंत्रण तिथल्या हवाई स्वसंरक्षण दलाकडेच आहे. म्हणून ‘संयुक्त विमानतळ’ हा शब्द ऐकून काही कळत नाही. धावपट्टी कोणाची, कंट्रोलर कोणाचा, आगीची गाडी कोणाची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात.

कायद्याच्या बाजूनं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. १९४४ च्या शिकागो करारातलं तिसरं कलम सांगतं की हा करार सरकारी विमानांना लागू नाही, आणि लष्करी विमानं सरकारी समजली जातात. या बाबतीत त्यांच्यावर बंधन एवढंच की नागरी विमानांच्या सुरक्षिततेचं भान ठेवावं. म्हणजे विमानतळाच्या रचनेचे जे आंतरराष्ट्रीय निकष नागरी बाजू रोज पाळते, ते तळाला आपोआप बांधत नाहीत. दोघांमधला लेखी करार जितका पाळायला लावतो तितकंच. पुढे ज्या अडचणी येतात त्यांतल्या निम्म्या याच फटीतून येतात.

आता स्लॉटचं. लोकांना वाटतं, लढाऊ विमानं जास्त उडतात म्हणून नागरी विमानांना जागा उरत नाही. आकडे मोजले तर तसं दिसत नाही. वेळ जातो तो एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत जाताना. नुसतीच प्रवासी विमानं एकामागोमाग येत असतील तर धावपट्टी छान चालते. नुसती लढाऊ विमानं असली तरी चालते. दोन्ही आलटून पालटून आली की प्रत्येक बदलाला काही मिनिटं पडून राहतात.

प्रवासी विमान आयएलएसवर, म्हणजे उतरायची वाट दाखवणाऱ्या रेडिओ किरणांवर, सरळ रेषेत येतं. शेवटच्या टप्प्यात वेग साधारण १४० नॉट, म्हणजे मिनिटाला सव्वादोन-अडीच नॉटिकल मैल. लढाऊ विमानं बहुधा ‘ओव्हरहेड’ पद्धतीनं येतात: चारचा गट तीनशेहून अधिक नॉट वेगानं धावपट्टीच्या वरून जातो, काही सेकंदांच्या अंतरानं एकेक विमान तीव्र वळण घेऊन सुटतं, वर्तुळ पूर्ण करून उतरतं. ही पद्धत दिखाव्यासाठी नाही. कमी वेळात जास्त विमानं जमिनीवर आणायची ती सगळ्यात स्वस्त युक्ती आहे. पहिलं विमान सुटल्यापासून चौथं धावपट्टी सोडेपर्यंत चार मिनिटं धरू. तेवढ्या वेळात फायनलवरचं (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यातलं) प्रवासी विमान नऊ-साडेनऊ मैल पुढे सरकतं. म्हणजे गटाचा म्होरक्या वळण घेतो तेव्हा प्रवासी विमान किमान दहा मैलांवर हवं. ते सहा मैलांवर असेल तर कंट्रोलरला दोनच मार्ग उरतात: प्रवासी विमानाला गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाण्याचा आदेश) द्यायचा, नाहीतर चार लढाऊ विमानांना पुन्हा बाहेर काढायचं.

दुसरा पर्याय कागदावर सोपा दिसतो, पण आकाशात तसा नसतो. प्रवासी जेट विमान उतरताना नियमानुसार किमान तीस मिनिटांचं शेवटचं राखीव इंधन बाळगून असतं, शिवाय पर्यायी विमानतळापर्यंतचं वेगळं. लढाऊ विमान सराव संपवून परततं तेव्हा त्याच्याकडे त्याहून बरंच कमी उरलेलं असू शकतं आणि चारही विमानांची अवस्था एकाच वेळी तीच असते. त्यामुळे तळावरचा कंट्रोलर प्रवासी विमानाला बाजूला घेतो तेव्हा त्यात वर्दीचा तोरा नसतो. तो इंधनाचा हिशेब असतो. एकइंजिनी लढाऊ विमानांचा आणखी एक सराव असतो, इंजिन बंद पडल्याचं गृहीत धरून घिरट्या घेत उतरण्याचा. एफ-१६ साठी हा सराव धावपट्टीच्या वर सात ते दहा हजार फुटांपासून सुरू होतो आणि एकदा सुरू झाला की वरपासून खालपर्यंत हवेचा तो अख्खा दंडगोल अडकतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र धावपट्टी रिकामीच दिसते.

म्हणून चांगले तळ वेळ मिसळत नाहीत, खिडक्या पाडतात. अमुक वेळ फक्त तळाची, अमुक फक्त नागरी, आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटांचा सांधा. दाबोळीला आठवड्याच्या कामाच्या दिवसांत सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवण्याची पद्धत बरीच वर्षं होती, ती याच विचारातून. विमान कंपन्या तक्रार करतात की सकाळचीच वेळ जाते. पण सकाळी हवा स्थिर असते, दृश्यता बरी असते, आणि उष्ण प्रदेशात दुपारी इंजिनाचा जोर कमी पडतो. वैमानिक घडवणाऱ्या तळालाही तीच वेळ हवी असते.

खिडक्या ठरवताना एक साधी चूक वारंवार होते. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत निघतो, तळाचा रोजचा कार्यक्रम स्थानिक वेळेत लिहिलेला असतो. भारतात फरक साडेपाच तासांचा. पहाटे चार वाजता सुरू होणारी बंदी यूटीसीत आदल्या दिवशीच्या २२:३० ला पडते. तारीख बदलायला कोणी विसरलं की एकतर बंदी एक दिवस उशिरा लागते किंवा मोकळ्या धावपट्टीवर कोणी येत नाही. मसुद्यात दोन्ही वेळा आणि दोन्ही तारखा शेजारी लिहायची सक्ती करा. वेळापत्रक दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी बदलणार, आयत्या वेळचा बदल किती तास आधी कळवायचा, आणि तो कोणाच्या सहीनं, हेही तिथेच लिहा.

आता रेडिओ. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वात धोक्याची आणि सर्वात कमी चर्चेत येणारी गोष्ट हीच. नागरी विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफवर बोलतात, लष्करी विमानं बहुतेक वेळा २२५ ते ४०० मेगाहर्ट्झच्या यूएचएफवर. कंट्रोलर दोन्हीवर एकदम बोलतो, म्हणून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. पण वैमानिकांना एकमेकांची उत्तरं ऐकू येत नाहीत. अर्धा संवाद कानावर पडतो. ‘धावपट्टीवर या, थांबा’ हे कोणाला सांगितलं, त्यानं काय समजून घेतलं, हे बाजूच्या विमानाला कळतच नाही. शिवाय दोन वैमानिकांनी दोन वेगळ्या बँडवर एकाच क्षणी उत्तर दिलं तर व्हीएचएफवर दोघं एकत्र बोलल्यावर येते ती चिरकी शिट्टी येत नाही. कंट्रोलरच्या कानात दोन आवाज मिसळतात आणि त्यातला एक सहज निसटतो.

ओकिनावातल्या नाहा विमानतळावर ३ जून २०१५ रोजी हवाई स्वसंरक्षण दलाच्या सीएच-४७ हेलिकॉप्टरनं दुसऱ्या विमानाला मिळालेली परवानगी आपलीच समजून उड्डाण केलं आणि ते उड्डाणासाठी धावत असलेल्या प्रवासी विमानाच्या समोरून आडवं गेलं. त्या विमानानं उड्डाण रद्द केलं, आणि ते धावपट्टीवर असतानाच मागून दुसरं प्रवासी विमान उतरलं. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ लष्करी हेलिकॉप्टर आणि प्रवासी जेट धडकून ६७ जण गेले. तिथेही दोघं एकाच कंट्रोलरशी, पण वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर बोलत होते. (ते संयुक्त तळाचं उदाहरण नाही, पण दुखणं तेच.)

उपाय महाग नाही. टॉवरच्या संच-प्रणालीत दोन्ही फ्रीक्वेन्सी जोडता येतात, म्हणजे यूएचएफवर आलेलं व्हीएचएफवर पुन्हा ऐकू जातं आणि उलटही. तळाला हे आवडत नाही, कारण त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. तडजोड अशी: सरावाच्या क्षेत्रात त्यांची स्वतंत्र फ्रीक्वेन्सी, पण टॉवरच्या हद्दीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सगळे व्हीएचएफवर. आज बहुतेक लढाऊ विमानांत व्हीएचएफ संच असतो; प्रश्न सवयीचा आहे.

उंचीमापकाची गंमत याला जोडूनच. काही हवाई दलं, ब्रिटनचं त्यात आलं, तळाजवळ क्यूएफई वापरतात: म्हणजे जमिनीवर उभं असताना काटा शून्य दाखवतो. नागरी विमानं क्यूएनएच वापरतात: काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. हवेच्या दाबातला एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे अठ्ठावीस फूट. तळ हजार फूट उंचीवर असेल तर दोन आकड्यांत साधारण ३६ हेक्टोपास्कलचा फरक पडतो. ‘दोन हजार फुटांवर राहा’ हा एकच आदेश दोन विमानांसाठी हजार फुटांनी वेगळा अर्थ देतो. करारात एकच संदर्भ ठरवा, आणि तो क्यूएनएच असू द्या.

टीकॅसचाही, म्हणजे टक्कर टाळण्याचा इशारा देणाऱ्या विमानातल्या यंत्रणेचाही, त्रास होतो. लढाऊ विमान प्रवासी विमानाच्या खाली हजार फुटांवर थांबायला निघालेलं असतं, पण चढतं इतक्या जोरात की टीकॅसला ते थांबणार आहे हे कळत नाही आणि प्रवासी विमानाला ‘चढा, चढा’ असा आदेश मिळतो. शेवटच्या हजार फुटांत चढण्याचा वेग मिनिटाला पंधराशे फुटांखाली आणला की हे खोटे इशारे जवळपास बंद होतात. हा नियम स्थानिक आदेशात एका ओळीत बसतो.

जमिनीवर सगळ्यात वेगळी वस्तू म्हणजे धावपट्टीवर आडवी पसरलेली लोखंडी दोरी. ब्रेक गेलेलं किंवा उड्डाण सोडलेलं लढाऊ विमान आपला हुक खाली सोडतं आणि या केबलला अडकतं. केबल इंच-सव्वा इंच जाडीची, दोन्ही टोकांना नायलॉनच्या पट्ट्या आणि त्या पट्ट्या बाजूच्या खड्ड्यातल्या ब्रेकच्या ड्रमवर गुंडाळलेल्या. हुक खालून जाऊन पकडता यावा म्हणून केबलमध्ये रबराच्या चकत्या ओवलेल्या असतात. त्या तिला जमिनीपासून सुमारे दोन इंच वर ठेवतात. प्रवासी विमानासाठी हे दोन इंच म्हणजे अडथळाच. मोठ्या विमानाला फक्त धक्का जाणवतो, पण चाकानं दाबलेली केबल मागे उसळते आणि पोटाखालच्या अँटेना, नोजव्हीलचे चिखलरोधक, खाली आलेले फ्लॅप यांना लागू शकते. लहान विमानांत, ज्यांच्या नोजव्हीलला आवरण असतं, नुकसान हमखास.

जागेचा प्रश्न आणखी चिवट. लांब धावपट्टीवर प्रवासी विमानाचा टेकण्याचा खुणेचा बिंदू उंबरठ्यापासून, म्हणजे उतरण्याची जागा सुरू होते तिथून, ४०० मीटरवर असतो. केबल बऱ्याचदा त्याच्याच आसपास येते. चाक केबलवरच टेकणं सगळ्यात वाईट. म्हणून प्रवासी वाहतूक असलेल्या तळावर केबल खाली जाणारी हवी: धावपट्टीत आडवी खाच, त्यात केबल झोपलेली, आणि टॉवरमधून बटण दाबलं की आधारांसकट वर येणारी. वर यायला पाच सेकंदांपर्यंत लागतात. हे पाच सेकंद लढाऊ वैमानिकांना खटकतात. उड्डाण सोडलेलं विमान तेवढ्यात चारशे मीटर जातं. म्हणून नियम असा असावा की लढाऊ विमान हलण्याआधीच केबल वर, आणि नागरी विमान फायनलवर यायच्या आत खाली, आणि प्रत्येक नागरी लँडिंगच्या परवानगीआधी कंट्रोलरनं तिची स्थिती बघून बोलायची. पावसाळ्यात खाच पाण्यानं आणि गाळानं भरते, मग आधार अर्धवट वर येतात किंवा अडकून वरच राहतात. खाचेचा निचरा रोज बघावा लागतो, आठवड्यातून एकदा नाही.

केबलखालचा डांबरी थर केबलच्या फटक्यांनी कोरला जातो. काही महिन्यांत बोटभर खोल चर पडतो, केबल त्यात बसते आणि हुक वरून निसटतो. त्या पट्ट्यात अतिकठीण पॉलिथिलीनचे जाड फलक बसवले की हा त्रास जातो. केबल कुठे आहे ते दिसावं म्हणून अमेरिकी पद्धतीत धावपट्टीच्या पूर्ण रुंदीत पिवळे भरीव गोल रंगवतात: दहा फूट व्यासाचे, केंद्रापासून केंद्रापर्यंत तीस फूट. नागरी वैमानिकाला हे गोल पहिल्यांदा दिसले तर तो गोंधळतो, म्हणून विमानतळाच्या माहितीपत्रात केबलचं उंबरठ्यापासूनचं अंतर आणि ती खाली जाते की नाही हे दोन्ही छापलं पाहिजे. एखादं लढाऊ विमान केबलला लागलं तर ते सोडवून, पट्ट्या गुंडाळून, ड्रमचा दाब तपासून धावपट्टी परत मिळायला दहा-पंधरा मिनिटं तरी धरा. टायर फुटलेला असेल तर अर्धा-पाऊण तास.

धावपट्टीच्या टोकाला, पुढच्या मोकळ्या जागेत, बऱ्याच तळांवर जाळी असते: नायलॉनच्या पट्ट्यांची, दोन खांबांमध्ये, गरज पडली की उभी होणारी. भारतात अशा जाळ्या आग्र्याच्या एडीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं विकसित केल्या आहेत. नागरी निकष मात्र त्याच जागेवर दावा सांगतात. धावपट्टीच्या टोकापुढे ६० मीटरची पट्टी आणि तिच्यापुढे किमान ९० मीटर, शिफारस २४० मीटर, सुरक्षा क्षेत्र. त्यात मोडून न पडणारी वस्तू चालत नाही. जाळीचे खांब आणि ब्रेकचे ठोकळे नेमके तिथेच. शिवाय आयएलएसच्या लोकलायझरचा (धावपट्टीची मध्यरेषा दाखवणाऱ्या भागाचा) अँटेना-संचही टोकापलीकडेच असतो, आणि उभी असलेली लोखंडी चौकट त्याच्या किरणाला वाकवते. तोडगा म्हणजे ब्रेक जमिनीखाली, खांब आडवे झोपलेले असताना जमिनीशी समतल, आणि जाळी उभी असताना आयएलएस बंद समजायचा. हा शेवटचा नियम टॉवरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावण्यासारखा आहे.

फरसबंदीबद्दल एक गैरसमज आहे की लढाऊ विमानांचा तळ म्हणजे मजबूत धावपट्टी. वजन बघा: सुखोई-३० पूर्ण भरलेलं असलं तरी चाळीस टनांच्या आत, एअरबस ए३२० अठ्ठ्याहत्तर टनांच्या आसपास. लढाऊ विमानाच्या टायरचा दाब मात्र जास्त असतो. म्हणजे लढाऊ विमान वरचा थर खातं, प्रवासी विमान खालचा पाया. जुन्या तळावर प्रवासी विमानं वाढली की भेगा पायातून वर येतात, आणि वरून कितीही डांबर ओतलं तरी दोन पावसाळ्यांत परत दिसतात. आधी पाया तपासा: पडणारं वजन टाकून खचणं मोजणारं यंत्र चालवा आणि मगच पीसीआर (फरसबंदी किती भार पेलते त्याचा आकडा) जाहीर करा. २८ नोव्हेंबर २०२४ पासून जुन्या पीसीएनऐवजी एसीआर-पीसीआर पद्धत लागू आहे; जुना आकडा नव्या रकान्यात तसाच उतरवला तर तो निरर्थक ठरतो, कारण मोजपट्टीच बदललीय.

टॅक्सीवे हा दुसरा गळा. तळाला समांतर टॅक्सीवे असतो, पण तो अरुंद असतो आणि त्याच्या कडेनं ब्लास्ट पेन (लढाऊ विमानं ठेवायचे मजबूत आडोसे) उभे असतात. ए३२० वर्गाच्या विमानाला टॅक्सीवेच्या मध्यरेषेपासून अडथळ्यापर्यंत २६ मीटर मोकळे लागतात. ते नसतील तर विमान धावपट्टीवरूनच उलटं जाऊन टोकाला वळतं. अडीच किलोमीटर, सेकंदाला दहा मीटर वेगानं, म्हणजे चार मिनिटं, वळायला आणखी एक. प्रत्येक उड्डाणामागे धावपट्टीची पाच मिनिटं फक्त चालण्यात. क्षमता वाढवायची असेल तर पहिला रुपया नव्या टर्मिनलवर घालू नका, नागरी एप्रनपासून टोकापर्यंतच्या टॅक्सीवेवर घाला. टर्मिनलचं उद्घाटन होतं, टॅक्सीवेचं होत नाही, ही वेगळी गोष्ट.

धावपट्टी एकच असेल तर पुनर्बांधणीही दोघांना एकदम भोगावी लागते. लोहगावला ऑक्टोबर २०२० पासून बराच काळ रात्रीची उड्डाणं बंद ठेवून काम चाललं, आणि मग १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद ठेवावा लागला. रात्री काम आणि दिवसा उड्डाणं या पद्धतीत रोज पहाटे उतार तात्पुरता बनवून द्यावा लागतो. जुना आणि नवा थर जिथे भेटतो तिथे खडी सुटते, आणि लढाऊ विमानाच्या इंजिनाचं तोंड जमिनीजवळ असल्यामुळे ती खडी प्रवासी विमानापेक्षा त्याला जास्त घातक असते. झाडण्याची गाडी रोज पहाटे, आणि तिच्यामागे चालत जाणारी माणसांची रांग. यंत्रावर विसंबून रांग बंद केली की आठवड्यात एखादं इंजिन जातं. ब्रेक पॅराशूट वापरणारी विमानं असतील तर ते पॅराशूट कुठे सोडायचं आणि कोण किती मिनिटांत उचलणार हेही ठरवा. वाऱ्यानं उडून धावपट्टीवर आलेलं पॅराशूट पुढच्या विमानाला दिसतच नाही.

धावपट्टीवरची माणसं आणि गाड्या हाही सांध्याचाच प्रश्न. १५ फेब्रुवारी २०२० ला लोहगावहून उड्डाण करणाऱ्या एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाला धावताना समोर जीप आणि माणूस दिसला. त्यानं ठरलेल्या वेगाआधीच नाक उचललं, शेपटी घासली, विमान सुखरूप पोहोचलं. केबल, जाळी, पक्षी, पॅराशूट, दिवे अशा कामांसाठी तळावर नागरी विमानतळापेक्षा जास्त माणसं धावपट्टीजवळ असतात. प्रत्येक गाडीत टॉवरची फ्रीक्वेन्सी ऐकू येणारा संच हवा, आणि गाडी धावपट्टीवर असताना कंट्रोलरच्या समोरच्या नोंदपट्टीवर लाल खूण हवी. तोंडी लक्षात ठेवणं चालत नाही.

इंधनाकडे नागरी बाजूचं दुर्लक्ष होतं, कारण दोघंही केरोसीनच जाळतात असं वाटतं. नागरी जेट ए-१ आणि नाटोचं एफ-३४ मुळात एकच. फरक मिसळलेल्या द्रव्यांचा. लष्करी इंधनात गोठण रोखणारं डायइजीएमई, गंजरोधक आणि वंगण सुधारणारं द्रव्य असतं. एकच टाकी दोघांना वापरायची ठरली तर टाकीत साधं जेट ए-१ ठेवा आणि द्रव्यं तळाच्या बाउझरमध्ये (इंधनाच्या टँकरमध्ये) भरताना मिसळा. उलटं केलंत, तर पाणी आणि डायइजीएमई मिळून गाळणीच्या तळाशी जेलीसारखा चिकट पदार्थ तयार होतो, गाळणीची पाणी धरण्याची ताकद कमी होते आणि दाब वाढेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

आगीच्या गाड्यांची श्रेणी नागरी निकषांत विमानाची लांबी आणि धडाची रुंदी यांवरून ठरते: ए३२० ला सहा, जरा लांब ए३२१ ला सात, बोइंग ७७७-३०० ला नऊ. गाडी तीन मिनिटांत पोहोचलीच पाहिजे, लक्ष्य दोन. तळाच्या गाड्या लहान आणि चपळ असतात, त्यांच्या माणसांना इजेक्शन सीट आणि कॅनॉपी निकामी करायचं शिकवलेलं असतं. दीडशे प्रवासी घसरगुंडीवरून उतरवायचं नाही. नागरी पथकाला याच्या उलट. एफ-१६ सारख्या विमानात आणीबाणीच्या शक्तिसंचासाठी हायड्रॅझीन हे विषारी इंधन असतं. त्याच्या जवळ श्वसनयंत्राशिवाय जाऊ नये हे नागरी अग्निशामकाला कोणी सांगितलेलं नसतं. पूर्ण सराव दोन वर्षांतून एकदा तरी व्हावा असा निकष आहे. त्या सरावात एक गोष्ट मुद्दाम तपासा: शहरातल्या रुग्णवाहिका तळाच्या फाटकातून किती मिनिटांत आत येतात. पहारेकऱ्याकडे यादी नसेल तर त्या फाटकावरच उभ्या राहतात.

तळावरच्या दारूगोळ्याच्या कोठारांपासून इमारतींनी ठेवायचं अंतर साठ्याच्या घनमुळावर चालतं. साठा आठपट झाला तर सुरक्षित अंतर दुप्पट. हे समीकरण त्यामानानं उदार आहे. तरी अमेरिकी मानकांत लोकवस्तीच्या इमारतीसाठी स्फोटात उडणाऱ्या तुकड्यांचा विचार करून १,२५० फुटांची किमान मर्यादा घालतात. टर्मिनलची जागा निवडताना आजच्या साठ्यावर नाही, कोठारांच्या मंजूर क्षमतेवर वर्तुळ काढा. बॉम्ब अडकून परत आलेल्या विमानाची जागाही आधीच ठरलेली हवी. त्याचं नाक कुठल्या दिशेला उभं करायचं, त्या रेषेत नागरी एप्रन येता कामा नये.

रात्रीचं एक छोटं पण नवं दुखणं: नागरी बाजू जुने दिवे काढून एलईडी बसवते. लाल एलईडीचा प्रकाश ६३० नॅनोमीटरच्या आसपास, आणि लष्करी वैमानिकांचे अंधारात बघायचे चष्मे साधारण ६६५ ते ९३० मध्ये बघतात. उघड्या डोळ्यांना लख्ख दिसणारा मनोऱ्यावरचा दिवा चष्मा लावलेल्या वैमानिकाला दिसतच नाही. अवरक्त घटक असलेले एलईडी मागवा. किमतीत फार फरक पडत नाही, निविदेत ती ओळ असली पाहिजे एवढंच.

शेवटचा शब्द कोणाचा, तर धावपट्टी ज्याची त्याचा, आणि तणावाच्या काळात बहुधा लष्कराचाच. २०११ मध्ये लिबियावरच्या कारवाईच्या वेळी सिसिलीतल्या त्रापानी तळावरची नागरी उड्डाणं थांबवली गेली. मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद झाले, त्यांतले बरेच लष्करी तळांवरचे. ते १२ मेला उघडले. त्याच महिन्यात डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकानं संरक्षण तळांवर ये-जा करताना दहा हजार फुटांपर्यंत खिडक्यांचे पडदे खाली ठेवायला सांगितलं, आपत्कालीन दारांच्या रांगा सोडून.

करारात ही बंदी टाळायचा प्रयत्न करू नका, तो फुकट जातो. त्याऐवजी तीन गोष्टी लिहून घ्या: बंदी लागल्यावर हवेत असलेल्या विमानांचं काय, एप्रनवर उभी असलेली विमानं किती तासांत बाहेर काढता येतील, आणि उघडल्यावर पहिल्या उड्डाणाआधी धावपट्टीची तपासणी कोण करणार. डागडुजीचा खर्च उड्डाणांच्या संख्येवर वाटू नका. एका प्रवासी विमानाचा पायावरचा मार अनेक लढाऊ उड्डाणांएवढा असतो, तर धावपट्टीला चिकटलेलं टायरचं रबर काढणं, केबलखालचे फलक आणि जाळी हा खर्च तळाचा. आणि एन्क्लेव्हच्या टॅक्सीवेवर सरकतं फाटक असेल तर त्याला हातानं उघडायची सोय ठेवा, तिची किल्ली दोन्ही बाजूंकडे द्या. वीज गेली की दीडशे प्रवासी घेऊन विमान तिथे इंजिन चालू ठेवून उभं राहतं, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो सुटीवर असतो.